आजार एकच, विमा मात्र मालक कोण त्यावर

हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीचं सकाळी नऊ वाजताचं गेट डोळ्यांसमोर आणा. आत जाणारा इंजिनिअर, त्याचं ओळखपत्र बघणारा सिक्युरिटी गार्ड, लॉबी पुसणाऱ्या हाऊसकीपिंगच्या ताई, कुणाचं तरी पार्सल घेऊन आलेला डिलिव्हरी करणारा मुलगा आणि शेजारी उभ्या राहत असलेल्या टॉवरवर सिमेंटची पोती चढवणारा बिगारी. समजा, एकाच महिन्यात या पाचही जणांच्या छातीत दुखलं आणि पाचही जणांना ॲन्जिओप्लास्टी करावी लागली.

इंजिनिअर कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर आपल्या पसंतीच्या खासगी रुग्णालयात जाईल. गार्डचा पगार 21,000 रुपयांच्या आत असेल आणि एजन्सीने नियम पाळला असेल, तर त्याच्यासाठी ईएसआय हा सरकारी कामगार विमा आहे. हाऊसकीपिंगच्या ताईंचंही कागदावर तसंच, फक्त त्यांच्या ठेकेदाराने पगारातून कापलेले पैसे खरोखर भरलेत का हे त्यांना बहुतेक वेळा माहीत नसतं. डिलिव्हरीचा मुलगा कंपनीच्या लेखी ‘कामगार’ नाही, ‘पार्टनर’ आहे. त्याच्याकडे बहुधा अपघात विमा असतो, पण हृदयविकार हा अपघात नव्हे. बिगाऱ्याच्या खिशात रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना, गावाकडचं आयुष्मान कार्ड असेल तर ते, आणि यातलं काहीच नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची रांग.

या पाच जणांत अंगमेहनत सगळ्यात जास्त कोणाची आणि धोका सगळ्यात जास्त कोणाला, हे सांगायची गरज नाही. विम्याचा क्रम जवळजवळ बरोबर उलटा लागतो. कारण आपल्याकडे कामगाराचं आरोग्य संरक्षण आजारावरून ठरत नाही, कामातल्या धोक्यावरूनही ठरत नाही. कागदावर तुमचा मालक कोण आहे, आणि मुळात मालक आहे का, यावरून ते ठरतं. देशातले सुमारे 90 टक्के कामगार असंघटित पद्धतीने काम करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असंच येतं. म्हणून या व्यवस्था एकेक करून समजून घेऊ. सुरुवात ईएसआयपासून करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दलच आहेत.

ईएसआय: नाव सरकारी, पैसा कामगाराचा आणि मालकाचा

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, हा 1948 च्या कायद्यातून आलेला विमा. 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत त्याची सुरुवात झाली. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्यात येतात. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा 25,000 आहे. जुलै 2019 पासून कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो.

16,000 रुपये वेतनाचा हिशेब बघा. कामगाराचे 120 रुपये, मालकाचे 520, एकूण महिना 640. एवढ्यात कामगार, त्याची बायको किंवा नवरा, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांना दवाखाना, औषधं, तपासण्या आणि शस्त्रक्रिया मिळतात. ‘इतक्या लाखांपर्यंतच’ अशी वरची मर्यादा नाही. आधीपासून मधुमेह आहे, रक्तदाब आहे म्हणून वाट बघायला लावत नाहीत. बाजारात या अटींवर एवढ्या हप्त्याची पॉलिसी शोधून सापडणार नाही.

पण ईएसआयचं खरं मोल औषधोपचाराच्या पलीकडे आहे, आणि ज्यांना हा विमा मिळतो त्यांच्यापैकीही अनेकांना ते ठाऊक नसतं. हा विमा आजारपणात बुडालेली मजुरी देतो. डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं की वर्षात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरवून दिलेल्या 34 दीर्घ आजारांत 80 टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण वेतन. कामावर जखमी होऊन काही काळ काम करता आलं नाही तर 90 टक्के. कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला दरमहा रक्कम. म्हणजे गेटवरच्या इंजिनिअरचा पाच लाखांचा मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, पण गार्डचा ईएसआय घरातली चूलही पेटती ठेवतो. गरीब घराला आजारपणात हॉस्पिटलच्या बिलाइतकाच मोठा फटका बुडालेल्या रोजाचा बसतो, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे.

मग लोक ईएसआयला नावं का ठेवतात? त्याची कारणं खरी आहेत. मुंबईत परळ, वरळी, मुलुंड, कांदिवली, पुण्यात बिबवेवाडी आणि चिंचवड, शिवाय नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर इथे ईएसआयची रुग्णालयं आहेत. ती उभी राहिली तेव्हा गिरण्या आणि कारखाने त्यांच्या आसपास होते. आता कारखाना चाकणला, रांजणगावला, बोईसरला आणि कामगार त्याहून लांब. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा, औषधांचा तुटवडा, दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्याच्या चिठ्ठीसाठी घालावे लागणारे हेलपाटे हे सगळं आहेच. अंधेरीच्या ईएसआय रुग्णालयाला डिसेंबर 2018 मध्ये आग लागली आणि माणसं दगावली, तेव्हा या रुग्णालयांकडे किती दुर्लक्ष झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. तरीही ‘ईएसआय नको, ते पैसे हातात द्या’ म्हणणाऱ्या कामगाराला मी नेहमी सांगतो: दवाखाना वाईट असेल तर दवाखान्यासाठी भांडा, पण हक्क सोडू नका. हातात येणारे 120 रुपये 91 दिवसांची मजुरी देणार नाहीत.

आता ठेकेदाराची गोष्ट. आजारपणातली रक्कम मिळायला सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हे दोन काळ आहेत. हाऊसकीपिंगचा ठेका दर वर्षी बदलतो, माणसं तीच राहतात. नवा ठेकेदार जुना ईएसआय नंबर पुढे चालवण्याऐवजी नवा नंबर काढतो आणि मागचा सगळा हिशेब तुटतो. ऐन बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ‘तुमचे दिवस भरत नाहीत’ असं उत्तर मिळतं. हा नंबर माणसाचा असतो, ठेक्याचा नसतो. नोकरी बदलली तरी तोच द्यायचा. दुसरी गोष्ट, ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर कायद्याने ती जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या इमारतीत काम चालतं त्या कंपनीवर येते. कंपनीच्या एचआरकडे हे लेखी मागता येतं, आणि एकट्याने मागण्यापेक्षा दहा जणींनी मिळून मागितलं तर लवकर ऐकलं जातं.

21,000 रुपयांची रेष

समजा गार्डला सुपरवायझर केलं आणि वेतन 20,500 वरून 22,000 झालं. चालू अंशदान काळ संपेपर्यंत त्याचा ईएसआय चालू राहतो, मग संपतो. दीड हजाराची वाढ मिळाली, आणि त्याबरोबर मर्यादा नसलेला औषधोपचार, आजारपणातलं वेतन, कुटुंबाचा दवाखाना, सगळं गेलं. आयटी कंपनीत किंवा मोठ्या बँकेत असता तर त्याच दिवशी ग्रुप मेडिक्लेम मिळाला असता. एजन्सीत, छोट्या कारखान्यात, दुकानात, खासगी शाळेत तसं काही मिळेलच असं नाही.

22,000 ते 35,000 पगाराचा हा वर्ग माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. मेडिकल दुकानातला फार्मासिस्ट, खासगी रुग्णालयातली नर्स, शोरूमचा सेल्समन, टेम्पोचालक, पतसंस्थेतला कारकून. ईएसआयसाठी त्यांचा पगार जास्त पडतो आणि स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता भरायला कमी. 21,000 ची मर्यादा जानेवारी 2017 पासून आहे तिथेच आहे. या काळात पगाराचे आकडे महागाईने वर सरकले, त्यामुळे प्रत्यक्षात गरीबच असलेली माणसं दर वर्षी या रेषेपलीकडे ढकलली जातात. मर्यादा वाढवण्याची मागणी कामगार संघटना वर्षानुवर्षं करत आहेत.

मेडिक्लेम आणि सरकारी नोकरी

ग्रुप मेडिक्लेमची चांगली बाजू अशी की जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि बाळंतपणाचा खर्चही अनेकदा मिळतो. कमजोर बाजू अशी की तो नोकरीला बांधलेला असतो. राजीनामा दिला, कपातीत नाव आलं, निवृत्त झालात की विमा संपला. नेमकं तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे असतं आणि साखर, रक्तदाब मागे लागलेले असतात. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. यावर एक वाट आहे. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज नोकरी सोडण्यापूर्वीच केला, तर आधीची वर्षं प्रतीक्षा काळात धरली जातात. शेवटच्या दिवसानंतर आठवण झाली तर उपयोग नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे नोकरी असतानाच आईवडिलांची वेगळी पॉलिसी काढून ठेवणं पूर्वीपेक्षा थोडं हलकं झालंय.

केंद्र सरकारच्या नोकरांचं सगळ्यात बरं आहे. सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत महिना 250 ते 1,000 रुपये कापले जातात आणि निवृत्तीनंतरही कार्ड आयुष्यभर ठेवता येतं. मात्र केंद्रं मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांतच आहेत. रेल्वेची स्वतःची रुग्णालयं आहेत, माजी सैनिकांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. राज्य सरकारी कर्मचारी 1961 च्या वैद्यकीय देखभाल नियमांवर चालतात: आधी खिशातून भरा, मग बिलं जोडा, मग मंजुरीची वाट बघा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हक्क असतो, पण हॉस्पिटलच्या काउंटरवर त्या हक्काचे लगेच पैसे होत नाहीत. आणि त्याच शाळेतली कंत्राटी मदतनीस या नियमांच्या बाहेर राहते.

ज्यांना मालकच नाही

2018 मध्ये आयुष्मान भारत ही केंद्राची मोफत उपचारांची योजना आली, तेव्हा शहरातले लाभार्थी चक्क व्यवसायावरून ठरवले गेले. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतले अकरा व्यवसायगट घेतले: कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर आणि गार्ड, सफाई कामगार, शिंपी, रिक्षाचालक, दुकानातले मदतनीस, इलेक्ट्रिशियन, धोबी आणि भिक्षेकरी. कल्पना योग्य होती. अडचण यादीच्या वयाची होती. 2011 साली शाळेत असलेला मुलगा 2018 मध्ये रिक्षा चालवत असला तरी तो यादीत कसा येणार?

महाराष्ट्राने रेशनकार्डाची वाट धरली. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी असलेली ही योजना जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि मर्यादा दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला 5 लाख झाली. शेजारच्या गोव्यात 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिथेही सरकारी नोकरांसारखे गट सोडले तर व्यवसाय विचारत नाहीत, किती वर्षं गोव्यात राहता ते विचारतात.

म्हणजे प्रश्न सुटला? अर्धा सुटला. या योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहेत, आणि तेही योजनेतल्याच रुग्णालयांत. रोजच्या गोळ्या, ओपीडी, भरतीशिवायच्या तपासण्या खिशातूनच होतात. आणि बुडालेली मजुरी कोणीच देत नाही.

याचा अर्थ काय होतो ते बीडच्या ऊसतोड बायांकडे बघून कळतं. दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’, म्हणजे ऊसतोडीची जोडी, मुकादमाच्या टोळीत जातो आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडात राहतो. एक दिवस खाडा पडला की दंड. पाणी, संडास, आडोसा यांची वानवा, ओटीपोटाचे आजार अंगावर काढलेले. 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर जे सर्वेक्षण आलं त्यात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. या बायांना वेळेवर तपासणारी डॉक्टर हवी होती, साध्या औषधांचा कोर्स हवा होता आणि आठ दिवस विश्रांती घेतली तरी मजुरी न तुटण्याची खात्री हवी होती. पाच लाखांचं भरतीचं कार्ड यातलं काहीच देत नाही. ईएसआय हे सगळं देऊ शकतो, पण त्यासाठी मालक लागतो. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी पण मजूरच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी माणसं निर्धास्त राहतात. वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे योजना या दोन्ही अपघाताच्या आहेत. अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर 2 लाखांपर्यंत मदत मिळते, पण डेंगीला, मूतखड्याला, कर्करोगाला त्यातून एक रुपया मिळत नाही. ई-श्रम कार्ड ही तर नोंदणी आहे, विमा नव्हे. बँकेतून ‘विम्याचे पैसे कापले’ असा मेसेज आला म्हणजे आजारपणाची सोय झाली असं नाही.

माथाडींनी दाखवलेली वाट

मालक नसलेल्या कामगाराला असं संरक्षण देताच येत नाही, हे म्हणणं महाराष्ट्रात तरी टिकत नाही. मुंबईच्या बाजारपेठेतला माथाडी, म्हणजे हमाल, सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी खाली करायचा, दुपारी दुसऱ्याची. त्यालाही मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि हमाल दोघांचीही मंडळात नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी थेट हातात न देता मंडळात भरायची आणि तिच्यावर टक्केवारीने लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा आणि औषधोपचार. कोपरखैरण्याचं माथाडी रुग्णालय याच व्यवस्थेतून उभं राहिलं. एकेक व्यापारी मालक नसेल, पण सगळे व्यापारी मिळून मालक आहेत, हे या कायद्याने मान्य केलं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने पुढे असाच युक्तिवाद केला. कचरावेचक बाया शहराचा कचरा कमी करून पालिकेचा खर्च वाचवतात, मग त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पालिकेने भरावा. पुणे महापालिकेने तो भरला.

बांधकाम मजुरांसाठी 1996 च्या कायद्यातून आलेली व्यवस्था थोडी अशीच आहे. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर मंडळाकडे जातो आणि त्यातून बाळंतपण, गंभीर आजार यांना मदत मिळते. पण नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ती दर वर्षी नवी करावी लागते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला तो दाखला कोण देणार? माथाडी कायद्यात मजुरीच मंडळातून जाते, त्यामुळे काम केल्याचा पुरावा आपोआप तयार होतो. इथे पुरावा गोळा करायचं ओझं मजुरावर टाकलंय. सगळा फरक त्यात आहे.

आता पाळी डिलिव्हरीवाल्यांची आणि ॲपवरच्या टॅक्सीचालकांची. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. तिने ‘गिग कामगार’ कायद्यात आणला आणि ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत भरायचे असं ठरवलं. या रकमेला गिग कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात त्यांना आयुष्मान भारतमध्ये घेण्याची घोषणाही झाली. माथाडीपेक्षा इथे एक गोष्ट सोपी आहे. कोणी किती फेऱ्या मारल्या, किती कमावलं, याची मिनिटामिनिटाची नोंद ॲपमध्ये आधीच आहे. 90 दिवसांच्या दाखल्याचं निमित्त कोणाला सांगता येणार नाही. त्यामुळे या निधीतून फक्त भरतीचं कार्ड देऊन थांबायचं, की टायफॉइडने पंधरा दिवस घरी पडलेल्या मुलाला त्या दिवसांची काही मजुरीही द्यायची, हा निव्वळ निर्णयाचा प्रश्न आहे. युनियननी मागणी करताना ‘आरोग्य विमा द्या’ एवढंच न म्हणता ‘आजारपणातलं वेतन’ हे शब्द लिहून मागावेत.

तोवर ज्याने त्याने आपला कागद बघून घ्यावा. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसत असेल तर ईएसआयसीच्या पोर्टलवर आपल्या नंबराने वर्गणी खरोखर जमा होते का ते तपासा, कुटुंबातली सगळी नावं आधारसकट जोडलेली आहेत का तेही बघा. बाळ झालं, आईवडील गावाहून राहायला आले, की नाव लगेच घाला. ईएसआय नसेल तर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजारी पडायच्या आधी पाहा, कारण भरतीच्या वेळी नावातली एक चूक दिवस खाते. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरण्यापूर्वी त्याला गाठा. योजनेसाठी 155388 आणि आयुष्मानसाठी 14555 हे नंबर मोबाइलमध्ये साठवून ठेवा. खासगी धर्मादाय रुग्णालयात जावं लागलं तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो या आठवड्यातच काढून ठेवा.